धुराचा हिशेब : नागपूर आणि हायब्रिड मोटार

हायब्रिड मोटार पर्यावरणाला खरोखर अनुकूल आहे काय, या प्रश्नाचे उत्तर तो प्रश्न कोणत्या गावी बसून विचारला जातो यावर बरेचसे अवलंबून असते, आणि तो नागपुरात बसून विचारावा याला जितकी कारणे आहेत तितकी महाराष्ट्रातील दुसऱ्या कोणत्याही शहरात सापडणार नाहीत. विदर्भाच्या भूगर्भातील कोळसा उपसणाऱ्या वेस्टर्न कोलफील्ड्सची मुख्य कचेरी येथे आहे. 1958 साली स्थापन झालेली आणि आज ‘नीरी’ या नावाने सर्वपरिचित असलेली पर्यावरण अभियांत्रिकीची राष्ट्रीय संशोधन संस्था येथे आहे. शहराच्या उत्तरेस कोराडी आणि खापरखेडा, पूर्वेस मौदा अशी प्रचंड औष्णिक वीजकेंद्रे अहोरात्र धगधगत आहेत. इथेनॉलवर धावणारी बस 2014 साली याच शहराच्या रस्त्यावर आली, विजेवरच्या टॅक्सींचा मोठा ताफा 2017 च्या मे महिन्यात येथेच सुरू झाला, आणि केंद्रातील रस्ते वाहतूक खाते 2014 पासून ज्यांच्याकडे आहे ते नितीन गडकरी याच शहराचे खासदार आहेत. कोळसा, त्याचा धूर, त्या धुराचे शास्त्र आणि धूर टाळण्याचे सरकारी प्रयोग हे सारे एकाच जिल्ह्याच्या हद्दीत नांदत असताना हायब्रिड मोटारीविषयीचा निवाडा आपण परदेशी जाहिरातींच्या किंवा परदेशी आक्षेपांच्या आधारे करावा, हे मला योग्य वाटत नाही.

प्रथम वस्तूची ओळख करून घेतली पाहिजे, कारण ‘हायब्रिड’ या एका नावाखाली तीन निरनिराळ्या यंत्ररचना बाजारात उभ्या आहेत. पहिलीत इंजिनाला जोडलेले एक लहानसे विद्युतयंत्र इंजिन चालू करण्यास आणि वेग घेताना किंचित हातभार लावण्यास उपयोगी पडते, परंतु केवळ विजेवर मोटार हलवण्याचे सामर्थ्य त्यात नसते. हिला ‘माइल्ड’ हायब्रिड म्हणतात. दुसरीत, म्हणजे ‘स्ट्राँग’ हायब्रिडमध्ये, एक लहान बॅटरी आणि एक समर्थ विद्युतमोटर असते, आणि मंद गतीने काही अंतर इंजिन पूर्ण बंद ठेवून गाडी चालू शकते. बॅटरी बाहेरून चार्ज करावी लागत नाही, किंबहुना करताच येत नाही. तिसरी बाहेरून चार्ज होणारी ‘प्लग-इन’ हायब्रिड. ती आपल्याकडे अत्यल्प आहे. युरोपातील अनुभव असा की लोक ती घेतात, पण चार्ज करीत नाहीत, आणि युरोपीय आयोगाने 2024 साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत अशा गाड्यांचे रस्त्यावरील प्रत्यक्ष उत्सर्जन प्रयोगशाळेतील आकड्याच्या सुमारे साडेतीन पट आढळले. तिच्याविषयी येथे अधिक लिहिण्याचे कारण नाही.

कल्पना जुनी आहे. विसाव्या शतकाच्या आरंभीच फर्डिनांड पोर्शे यांनी पेट्रोल-इंजिनाने वीज तयार करून त्या विजेवर चाके फिरवणारी गाडी बनवली होती. परंतु पेट्रोल स्वस्त आणि बॅटरी अवजड अशा त्या काळात ती कल्पना मागे पडली, आणि 1997 च्या डिसेंबरात जपानात टोयोटाची ‘प्रियस’ विक्रीस आली तेव्हा तिचे पुनरुज्जीवन झाले. भारतात होंडाने 2008 साली ‘सिव्हिक’ हायब्रिड आणली, पण तिची किंमत पाहून ग्राहक फिरकले नाहीत. 2013 साली कर्नाटकातील बिडदी येथे ‘कॅमरी’ हायब्रिड तयार होऊ लागली, तीही श्रीमंतांपुरतीच राहिली. मध्यमवर्गाच्या आटोक्यात, निदान दृष्टिपथात, स्ट्राँग हायब्रिड आली ती 2022 साली : मे महिन्यात होंडा ‘सिटी’, सप्टेंबरात मारुतीची ‘ग्रँड व्हिटारा’ आणि टोयोटाची ‘हायरायडर’, आणि वर्षअखेरीस ‘इनोव्हा हायक्रॉस’. या शेवटच्या गाडीचे अनावरण झाल्यानंतर काही दिवसांतच टोयोटाला भारतात आणणारे विक्रम किर्लोस्कर निवर्तले. ज्या किर्लोस्कर घराण्याने लोखंडी नांगरापासून महाराष्ट्राच्या यंत्रोद्योगाचा पाया घातला त्याच घराण्याचे नाव या मोटारींच्या कारखान्याशी जोडलेले असल्यामुळे मराठी वाचकाला हा विषय सर्वस्वी परका वाटू नये.

स्ट्राँग हायब्रिड इंधन वाचवते ते तीन मार्गांनी, आणि त्यांत कोणतीही जादू नाही. साधी मोटार सिग्नलला उभी असताना आणि रांगेत सरपटत असताना पेट्रोल निष्कारण जाळीत राहते. हायब्रिडचे इंजिन तेवढा वेळ बंद असते. साध्या मोटारीचा ब्रेक दाबला की तिची सारी गती उष्णतेच्या रूपाने वाया जाते. हायब्रिडमध्ये विद्युतमोटर जनित्राप्रमाणे उलट काम करते आणि त्या गतीचा काही अंश विजेच्या रूपाने बॅटरीत परत जमा होतो. तिसरा मार्ग अभियंत्यांखेरीज इतरांच्या सहसा ध्यानात येत नाही : विद्युतमोटर मदतीला असल्यामुळे इंजिन दमदार असण्याची गरज कमी होते, आणि मग एकोणिसाव्या शतकात जेम्स ॲटकिन्सन या इंग्रज अभियंत्याने सुचवलेल्या, ताकद कमी पण काटकसर अधिक अशा चक्रावर ते चालवता येते, त्यायोगे इंधनातील ऊर्जेपैकी 40 टक्क्यांपर्यंत हिस्सा कामी येऊ शकतो.

या तिन्हींपैकी पहिले दोन मार्ग गर्दीच्या रस्त्यावरच फळ देतात, आणि नागपूरच्या बाबतीत हा तपशील निर्णायक आहे. सोनेगावच्या विमानतळावरून वर्धा रोडने सीताबर्डीकडे एका हायब्रिड इनोव्हातून येत असताना चालकासमोरच्या पडद्याकडे माझे लक्ष होते. अजनी चौकात गाडी थांबली, इंजिनाची घरघर लुप्त झाली, पडद्यावर हिरवी अक्षरे उमटली. सिग्नल सुटल्यावर गाडी निःशब्दपणे हलली, आणि बऱ्याच पुढे गेल्यावर, पायाखाली किंचित कंप जाणवला तेव्हा कळले की इंजिन पुन्हा सुरू झाले आहे. व्हरायटी चौकापर्यंत हा खेळ अनेकदा झाला. मी ॲव्हरेजची विचारपूस केली तेव्हा चालक म्हणाला, “काकाजी, गावात हिचा काही तोड नाही, पेट्रोलचं नावच घेत नाही. पण समृद्धीवर चढली ना, का मंग हे बी बाकीच्या गाड्यांसारखीच पिते. तिथं ब्रेक कुठं लागते भाऊ, बॅटरी भरन कशी?”

त्याच्या या बोलण्यात सगळे यंत्रशास्त्र आले. नागपूर ते मुंबई असा 701 किलोमीटरांचा समृद्धी महामार्ग 2025 च्या जूनमध्ये पूर्णपणे खुला झाला, आणि त्यावर मोटारींना ताशी 120 किलोमीटरांची मुभा आहे. त्या वेगाला इंधनाचा मोठा भाग केवळ हवेचा विरोध मोडून काढण्यात खर्च होतो, तो विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, आणि त्याविरुद्ध खर्चलेली ऊर्जा कोणतीही बॅटरी परत मिळवू शकत नाही. नागपूरचा जो गृहस्थ शहरात दुचाकीने फिरतो आणि मुख्यतः मुंबई-पुण्याच्या प्रवासासाठी मोठी हायब्रिड गाडी घेतो, त्याला हायब्रिडचा लाभ सर्वांत कमी. आणि जो टॅक्सीचालक दिवसभर इतवारी, सदर, धंतोली आणि रेल्वे स्थानक यांमध्ये अडखळत फिरतो, त्याला तो सर्वांत अधिक. दुर्दैवाने विक्रीचा कल पहिल्याकडे आहे.

कंपन्या जे आकडे छापतात त्यांच्याकडेही सावधपणे पाहिले पाहिजे. ‘ग्रँड व्हिटारा’ आणि ‘हायरायडर’ यांचा अधिकृत आकडा लिटरमागे 27.97 किलोमीटर असा आहे. हा आकडा खोटा नाही. परंतु ज्या भारतीय चाचणीचक्रावर तो निघतो त्यात कमाल वेग ताशी 90 किलोमीटरच असतो, चाचणी प्रयोगशाळेतील रुळांवर होते, आणि वातानुकूलन बंद असते. 2013 च्या मे महिन्यात ज्या शहराचा पारा 47.9 अंशांवर गेला होता त्या शहरात वातानुकूलन बंद ठेवून मोटार कोण चालवणार? नागपूरच्या उन्हाळ्यात हायब्रिडची बॅटरी मोटार चालवण्याआधी गारवा निर्माण करण्यात रिकामी होते, आणि सिग्नलला उभ्या असलेल्या गाडीचे इंजिन त्याच कारणाने पुन्हा सुरू होते. बॅटरीला स्वतःलाही उष्णता सोसत नाही. काही गाड्यांत ती थंड राखण्यासाठी आतलीच हवा पंख्याने ओढून घेतात, आणि त्या पंख्याची जाळी मागच्या आसनापाशी खाली असते; तिच्यावर पिशवी ठेवली किंवा तीत वैशाखातील धूळ आणि सतरंजीचे तंतू साचले की बॅटरी तापते. ही हातभर लांबीची जाळी दर सर्व्हिसिंगला साफ करून घ्यावी, एवढी साधी गोष्ट मोटारमालकाला माहीत नसते. तात्पर्य, 28 चा आकडा नागपुरात 20 ते 22 वर येतो, असे धरून चालणे प्रामाणिकपणाचे होईल. आणि त्याच आकाराची साधी पेट्रोल मोटार त्याच रस्त्यांवर 14-15 देते, हेही त्याच प्रामाणिकपणाने मान्य केले पाहिजे.

आता हिशेब मांडू. तो स्थूल आहे. वाचकाने आपल्या गाडीचे आकडे घालून तो स्वतः ताडून पाहावा. एक लिटर पेट्रोल जळाले की सुमारे 2.3 किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. लिटरमागे 14 किलोमीटर देणारी पेट्रोल मोटार दर किलोमीटरला सुमारे 165 ग्रॅम सोडते, आणि 20 देणारी हायब्रिड 115. त्यांत तेल उपसणे, शुद्ध करणे आणि पंपापर्यंत पोचवणे यांचा साधारण पाचवा हिस्सा मिळवला म्हणजे पहिलीचा आकडा 200 च्या जवळ, दुसरीचा 140 च्या जवळ जातो. तेव्हा हायब्रिड ही पेट्रोल मोटारीपेक्षा निश्चितपणे बरी आहे, शहरात तर पुष्कळच बरी आहे, आणि ती केवळ जाहिरातबाजी आहे असे म्हणणाऱ्यांचे म्हणणे या हिशेबापुढे टिकत नाही.

पण तुलना आज पेट्रोलशी होत नाही. ती विजेच्या मोटारीशी होते, आणि नागपूरचे वैशिष्ट्य येथे पुढे येते. मध्यम आकाराच्या विजेच्या मोटारीला किलोमीटरमागे सुमारे 0.15 युनिट लागते; चार्जिंगमधील आणि तारांमधील गळती जमेस धरली तर वीजकेंद्राला त्यासाठी 0.20 युनिट निर्माण करावे लागते. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या हिशेबाप्रमाणे देशातील सरासरी युनिटमागे अलीकडे 0.7 किलोच्या किंचित वर कार्बन डायऑक्साइड निघतो. म्हणजे किलोमीटरमागे झाले सुमारे 145 ग्रॅम. यात बॅटरीच्या निर्मितीचा बोजा वेगळा आहे : चाळीस युनिटांची बॅटरी बनवताना सुमारे तीन टन कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, तो दीड लाख किलोमीटरांवर विभागला तर आणखी 20 ग्रॅम. ‘हायरायडर’सारख्या हायब्रिडची बॅटरी अवघ्या 0.76 युनिटाची असल्याने तिच्यावर हा बोजा नाममात्र आहे. आजच्या तारखेला, आजच्या विजेवर, नागपुरात धावणारी हायब्रिड आणि नागपुरात धावणारी विजेची मोटार या तापमानवाढीच्या दृष्टीने जवळजवळ बरोबरीच्या आहेत, किंबहुना शहरी वापरात हायब्रिडचे पारडे थोडे जडच भरते, असा निष्कर्ष या आकड्यांवरून निघतो आणि तो मी आडपडदा न ठेवता मांडतो.

या निष्कर्षाला पाठिंबा देणारे आणि त्याच्या विरुद्ध जाणारे असे दोन्ही दाखले उपलब्ध आहेत. कानपूरच्या आयआयटीतील इंजिन संशोधन प्रयोगशाळेने जपानी साहाय्याने केलेला आणि 2023 साली चर्चेत आलेला अभ्यास हायब्रिडला झुकते माप देतो. उलट, स्वच्छ वाहतुकीचा अभ्यास करणाऱ्या एका आंतरराष्ट्रीय परिषदेने 2021 साली काढलेला निष्कर्ष असा की भारतात त्या वर्षी घेतलेली मध्यम आकाराची विजेची मोटार आपल्या संपूर्ण आयुष्यात पेट्रोल मोटारीपेक्षा 19 ते 34 टक्के कमी उत्सर्जन करील. हायब्रिडने साधणारी घट याच अभ्यासात 20 टक्क्यांच्या आसपास धरलेली आहे. दोन विद्वत्मंडळे एकाच देशाविषयी असे परस्परविरोधी बोलतात याचे कारण मुख्यतः मोटारीत नसून विजेत आहे. वीज पुढील पंधरा वर्षे आजच्यासारखीच कोळशाची राहील असे जो धरतो, तो हायब्रिडच्या बाजूने निकाल देतो. वीज वर्षागणिक स्वच्छ होत जाईल असे जो धरतो, तो विजेच्या मोटारीच्या बाजूने देतो.

आणि माझ्या मते हायब्रिडची खरी मर्यादा नेमकी येथे आहे. ती ज्या दिवशी खरेदी केली जाते त्या दिवशीची तिची योग्यता हीच तिची आयुष्यातील सर्वोच्च योग्यता असते; त्यानंतर इंजिन झिजते, बॅटरी क्षीण होते, ॲव्हरेज उतरते. विजेच्या मोटारीचीही बॅटरी क्षीण होते, पण तिला पुरवठा करणारी वीज मात्र सुधारू शकते, आणि मग मोटारीत काडीचाही बदल न करता तिचे उत्सर्जन घटते. देशाच्या स्थापित वीजक्षमतेपैकी निम्मा वाटा 2025 साली कोळसा, वायू आणि तेल यांखेरीज इतर साधनांचा झाला. प्रत्यक्ष निर्मितीत अजून कोळशाचा वाटा सुमारे तीन-चतुर्थांश असला तरी दिशा स्पष्ट आहे. नागपुरात घरांच्या गच्च्यांवर सौर पॅनल बसवण्याचे काम महाराष्ट्रातील इतर जिल्ह्यांच्या तुलनेने जोरात आहे. अशा घरचा मालक दुपारच्या उन्हात मोटार चार्ज करीत असेल तर त्याच्या बाबतीत वरचा सगळा हिशेब उलटतो. रात्री अकरा वाजता चार्ज करणाऱ्या त्याच्या शेजाऱ्याच्या बाबतीत तो उलटत नाही, कारण रात्रीची वीज मुख्यतः कोळशाचीच असते. मोटार एकच असून वेळेनुसार तिची पर्यावरणीय योग्यता बदलते ही गोष्ट आपल्या चर्चेत अद्याप पुरती आलेली नाही.

आतापर्यंत जे लिहिले ते कार्बन डायऑक्साइडविषयी. तो वायू जगाच्या कोठल्याही कोपऱ्यात सोडला तरी परिणाम सारखाच, म्हणून त्याचा हिशेब जागेवाचून मांडता येतो. परंतु माणसाच्या फुप्फुसात जाणारा धूर आणि धूळ यांना जागा असते, आणि नागपूर जिल्ह्यात ती जागा नकाशावर बोट ठेवून दाखवता येते. विजेच्या मोटारीने सीताबर्डीच्या चौकातील धूर नाहीसा होतो, हे सत्य आहे आणि मोलाचे आहे. चौकात उभा असलेला वाहतूक शिपाई, हातगाडीवाला, शाळेतून परतणारी मुले यांचा त्यात प्रत्यक्ष लाभ आहे. परंतु त्या मोटारीला लागणाऱ्या विजेसाठी कोठेतरी कोळसा जळतो, आणि विदर्भात तो कोराडी, खापरखेडा, मौदा, चंद्रपूर आणि तिरोडा येथे जळतो. वीजजाळे एकच असल्याने नागपूरच्या मोटारीत कोराडीचीच वीज गेली असे शास्त्रतः म्हणता येत नाही. मात्र कोराडीची राख मुंबईला जात नाही, ती कोराडीतच राहते, हे म्हणता येते.

आपल्या कोळशात राखेचे प्रमाण 30 ते 40 टक्के असते. ती राख पाण्यात कालवून नळांवाटे विस्तीर्ण तलावांत सोडतात. 2022 च्या जुलै महिन्यात, पावसाचा जोर असताना, कोराडी केंद्राचा खसाळा येथील राखेचा बंधारा फुटला. राखमिश्रित लोंढा शेतांत शिरला, नाल्यांवाटे कोलार आणि कन्हान नद्यांपर्यंत गेला, आणि त्या कन्हानचे पाणी नागपूर शहर पिते. पाणी ओसरल्यावर शेतात जो करडा, गुळगुळीत थर उरतो तो वाळला की सिमेंटासारखा तडकतो, आणि त्याखालील काळी जमीन पुन्हा पेरणीजोगी करण्यास शेतकऱ्याला किती खर्च येतो याची नोंद कोणत्याही मोटारीच्या माहितीपत्रकात नसते. उन्हाळ्यात या तलावांचे काठ कोरडे पडतात, वारा सुटला की राख उडते, आणि वाळत घातलेल्या कपड्यांवर, अंगणातल्या माठावर, कापसाच्या बोंडावर ती बसते, ही या परिसरातील गावकऱ्यांची वर्षानुवर्षांची कैफियत आहे. 2023 च्या मे महिन्यात कोराडीत 660 मेगावॉटच्या आणखी दोन संचांसाठी जनसुनावणी झाली तेव्हा नागपूरच्या अनेक नागरिकांनी आणि संघटनांनी विरोध नोंदवला. वीजकेंद्रांच्या धुरातील गंधक काढून टाकण्याचा नियम केंद्र सरकारने 2015 सालीच केला होता. त्याची मुदत वारंवार वाढवली गेली, आणि 2025 साली तर देशातील बहुसंख्य केंद्रांना त्यातून सूट मिळाली.

या पार्श्वभूमीवर हायब्रिडच्या बाजूने एक गोष्ट न्यायाने बोलली पाहिजे. ती आपला धूर, प्रमाणाने कमी केलेला आणि 2020 पासूनच्या बीएस-6 नियमांनुसार गाळलेला, ज्याची मोटार आहे त्याच्याच रस्त्यावर सोडते. दुसऱ्याच्या अंगणात पाठवत नाही. मी याला मोठे पुण्य म्हणत नाही. परंतु शहरातील सुखवस्तू माणूस विजेची मोटार घेऊन ‘माझी गाडी शून्य प्रदूषणाची’ असे मनापासून समजतो तेव्हा कोराडीलगतच्या महादुला-सुरादेवीच्या रहिवाशाचा त्या शून्यात समावेश झालेला नसतो, आणि पर्यावरणविषयक कोणत्याही हिशेबात मला सर्वांत सलणारी गोष्ट हीच आहे. मोटार-कंपन्यांसाठी असलेल्या केंद्राच्या उत्सर्जन-मर्यादेच्या नियमांतही विजेची मोटार शून्य ग्रॅमची धरली जाते, आणि वर तिची गणना तीन मोटारींइतकी केली जाते. स्ट्राँग हायब्रिडची दोन मोटारींइतकी होते. एक विजेची मोटार विकून कंपनी आपल्या अनेक अवजड पेट्रोल गाड्यांचा धूर कागदावर झाकू शकते.

बॅटरीतील खनिजांचा आक्षेपही विदर्भाला दूरचा नाही. लिथियम चिलीतून आणि ऑस्ट्रेलियातून, कोबाल्ट काँगोतून, आणि विद्युतमोटरच्या चुंबकांना लागणारी दुर्मीळ मृदा-मूलद्रव्ये मुख्यतः चीनमधून येतात, हे सर्वश्रुत आहे; परंतु अनेक बॅटऱ्यांत मँगनीज लागते, आणि देशातील मँगनीजची सर्वांत मोठी उत्पादक कंपनी ‘मॉयल’ हिची कचेरी नागपुरातच आहे. तिच्या खाणी मनसर, कांद्री, गुमगाव, भंडारा जिल्ह्यातील चिखला आणि डोंगरी बुजुर्ग येथे, तशाच पलीकडे बालाघाटात आहेत. बॅटरीयुग वाढेल तशी या खाणींवरील मागणी वाढेल, आणि तेथील पाण्याचा, धुळीचा, मजुरांच्या आरोग्याचा प्रश्नही वाढेल. एका विजेच्या मोटारीला लागणाऱ्या बॅटरीच्या द्रव्यात पन्नास हायब्रिड मोटारींच्या बॅटऱ्या होऊ शकतात, हा हायब्रिडच्या कैवाऱ्यांचा युक्तिवाद मला अंकगणित म्हणून मान्य आहे. मात्र त्या पन्नास मोटारी पंधरा वर्षे पेट्रोल जाळीतच राहणार, हे त्याच अंकगणिताचे दुसरे पान आहे.

नागपुरात झालेल्या दोन प्रयोगांनी जे शिकवले ते या चर्चेत विसरून चालणार नाही. 2017 साली ओला आणि महिंद्र यांच्या सहभागाने सुरू झालेल्या विजेच्या टॅक्सींचा ताफा सुमारे दोनशे गाड्यांचा होता. गाड्यांचा पल्ला अपुरा, चार्जिंगच्या जागा मोजक्या, रांगा लांब. ज्या चालकाची कमाई चाकाच्या फेऱ्यांवर त्याचे तास रांगेत जाऊ लागले, आणि वर्षभराच्या आत अनेक चालकांनी डिझेलकडे परतण्याची इच्छा बोलून दाखवली. इथेनॉलच्या बसचा प्रयोगही चार-पाच वर्षांत आटोपला. दोन्ही ठिकाणी यंत्र चालत होते. कोलमडली ती यंत्राभोवतीची व्यवस्था. हायब्रिडला अशी कोणतीच नवी व्यवस्था लागत नाही, पेट्रोलपंप तिला पुरतो, आणि कमी पल्ल्याची चिंता करणाऱ्या टॅक्सीचालकाला आज, या वर्षी, उपयोगी पडेल असे साधन ती आहे. मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलासाठी 2018 साली आणलेल्या पंचवीस हायब्रिड बसगाड्या मात्र तोट्यात गेल्या, तेव्हा सार्वजनिक वाहतुकीत ती सर्वत्र यशस्वी होईल असेही नाही.

करांच्या बाबतीत सरकारचे धोरण दीर्घकाळ डळमळीत राहिले. 2015 च्या एप्रिलपासून केंद्राच्या ‘फेम’ योजनेत माइल्ड हायब्रिडलाही अनुदान मिळत होते. ते देणे चूक होते, कारण तिची बचत किरकोळ, आणि 2017 साली ते बंद झाले. पण त्याच वर्षी जीएसटी आला, आणि स्ट्राँग हायब्रिडवर उपकरासह 43 टक्के कर बसला, जो मोठ्या पेट्रोल मोटारींच्या पंक्तीतला होता. विजेच्या मोटारीवरील कर पुढे 5 टक्क्यांवर आला. 2025 च्या सप्टेंबरातील फेररचनेनंतरही चार मीटरांहून लांब हायब्रिडवर 40 टक्के आहे आणि तशाच लांबीच्या साध्या पेट्रोल मोटारीवरही 40 टक्केच. उत्तर प्रदेशाने 2024 साली स्ट्राँग हायब्रिडचा नोंदणी कर माफ केला; महाराष्ट्राच्या 2025 च्या धोरणाने समृद्धी महामार्गावरील पथकरातून विजेच्या मोटारींना मुक्त केले, हायब्रिडला नाही. माझ्या मते महाराष्ट्राची ही निवड रास्त आहे, कारण महामार्गावर हायब्रिड विशेष काही वाचवीत नाही. पण केंद्राची कररचना रास्त नाही. लिटरला 14 किलोमीटर देणारी आणि 20 देणारी या दोहोंवर सारखाच कर लावणे म्हणजे काटकसरीला कवडीचीही किंमत न देणे होय. कर लांबीवर आणि इंजिनाच्या आकारावर न बसवता प्रत्यक्ष रस्त्यावर मोजलेल्या उत्सर्जनावर बसवला, तर हायब्रिडला तिच्या योग्यतेइतकी सवलत आपोआप मिळेल आणि त्याहून अधिक मिळणार नाही. त्याच न्यायाने, विजेच्या मोटारीला दिवसा चार्ज केल्यास स्वस्त आणि रात्री महाग वीज मिळाली, तर तिच्या ‘शून्या’त काही सत्य उतरेल.

टोयोटा-किर्लोस्करने 2024 च्या जुलैत छत्रपती संभाजीनगर येथे हायब्रिड आणि विजेच्या मोटारींच्या कारखान्यासाठी राज्य सरकारशी सामंजस्य करार केला आहे, तेव्हा ही वाहने मराठवाड्यातून समृद्धीमार्गे नागपुरात येण्याचे दिवस दूर नाहीत, आणि कराचा प्रश्न लवकरच राज्याच्या हिताचाही होईल.

हे सारे लिहीत असताना मला एका गोष्टीची जाणीव आहे की नागपूरचा बहुसंख्य माणूस मोटारीत बसतच नाही. तो दुचाकीवर, शेअर ऑटोत, ‘आपली बस’मध्ये किंवा 2019 पासून सुरू झालेल्या आणि 2022 अखेर पहिल्या टप्प्याच्या सुमारे 40 किलोमीटरांवर धावू लागलेल्या मेट्रोत असतो. पंधरा-वीस लाखांच्या मोटारीपैकी कोणती कमी धूर सोडते हा वाद मूठभरांचा आहे. त्या मूठभरांपैकी प्रत्येकाने हायब्रिड घेतली तरी मोटार वर्धा रोडवरची तितकीच जागा व्यापणार, टायरची धूळ तितकीच उडणार. म्हणून जेथे हायब्रिडचा उपयोग निर्विवाद आहे तेथेच तिला आधी पोचवावे : दिवसाला दीड-दोनशे किलोमीटर शहरातच फिरणाऱ्या, आणि जिच्या चालकाला रांगेत तासभर उभे राहणे परवडत नाही, अशा टॅक्सीपर्यंत. परिवहन कार्यालयाने टॅक्सीच्या परवान्याचे शुल्क स्ट्राँग हायब्रिडसाठी माफ करावे, मनपाने विमानतळ आणि रेल्वे स्थानक येथील टॅक्सीतळांवर तिला प्राधान्य द्यावे, आणि ही सवलत पाच वर्षांच्या मुदतीने बांधलेली असावी, म्हणजे कोराडीचे धुराडे तोवर किती निवळले हे पाहून विजेच्या टॅक्सीसाठी तीच जागा मोकळी करता येईल.